विमलजिजी आणि आठ सेल

आल्यागेल्याला आधी पाणी द्यावं, ही माझ्या आईची शिकवण. विमलजिजीपुढे ती कधी चालली नाही. मी तांब्या घेऊन दारात पोचेपर्यंत ती माझ्या शेजारून आत गेलेली असायची आणि मागच्या खोलीतून हाक यायची, "पयले आकडा दखाड." मग मी तांब्या ठेवून वही शोधायला लागायची, वही नेमकी तेव्हाच सापडायची नाही, आणि तेवढ्यात जिजीच्या खोलीला तीन चकरा मारून झालेल्या असायच्या. सहा वर्षांत तिला माझ्या हातचं पाणी पाजणं मला जमलं नाही. जाता जाता तीच माठातून घ्यायची, उभ्या उभ्या, वरून.

मी तेव्हा अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यातल्या निंबीपाड्यावर, एका लहान संस्थेच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर महिन्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस मी आणि सायकीबाई. सायकीबाई पाड्यातलीच, झाडलोट, पाणी, चूल आणि बाळंतिणीचे पाय धरणं, सगळं तिच्याकडे. दवाखान्याला तीन खोल्या होत्या: एक तपासायची, एक बाळंतपणाची, आणि मागची अंधारी, जिच्यात बॅटरी होती. विजेचे खांब पाड्यापर्यंत आले होते, वीज मात्र मनात येईल तेव्हा येई. त्यामुळे लसींचा फ्रिज आणि बाळंतपणाच्या खोलीतला उजेड हे सगळं छपरावरच्या सोलर प्लेटांवर आणि त्या बॅटरीवर.

बॅटरी म्हणजे लाकडी चौकटीत ओळीनं बसवलेले आठ निळे डबे. जिजी त्यांना सेल म्हणायची. एकेक सेल तीन व्होल्टच्या जरा वर, आठ मिळून चोवीसची बॅटरी. पूर्वीची पाण्याची बॅटरी काढून ही लिथियमची जिजीनंच बसवली होती, आणि दर दोन महिन्यांनी ती बघायला यायची. आठही सेलांचे आकडे रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहून ठेवायचे, हे काम तिनं माझ्यावर टाकलं होतं.

ती प्रकाशा गावची. पन्नाशीची, बारकी, पदर कमरेला घट्ट खोचलेला. व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर परकराच्या नाडीत ओवून गळ्यात घातलेला. चालताना तो मंगळसूत्रावर आपटून बारीक खटखट व्हायची. प्रकाशाला रस्त्याला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं मोटारी भरायचं दुकान. पाण्यातली मोटर जळली की शेतकरी आणून टाकत आणि हे दोघं तिच्यात नवी तार भरून देत. नवऱ्याला ती मालक म्हणे. मालक एका जागी बसून दिवसभर तार गुंडाळू शकत. जिजीला ते कधी झेपलं नाही. "मालक बठतस, मी फिरस," ती सांगायची. "दोन्ही बठनात तं गिऱ्हाईकले वाटी दुकान बंद शे." सोलरचे पंप आले, मोटारी भरायला येणं कमी झालं, तेव्हा ती एकटी उठून सुरतेला गेली. एका ओळखीच्या माणसाकडे तीन आठवडे राहून लिथियमचं काम शिकून आली. घरी कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही, असं मालकच हसत सांगायचे.

एकदा मी तिच्या दुकानात गेले होते, तेव्हा दाराला अडसर म्हणून एक सेल लावलेला पाहिला. दोन्ही बाजूंनी फुगलेला, पोट सुटल्यासारखा. मी विचारलं तर म्हणाली, "तो मन्हा गुरू शे." सुरतेहून आल्यावरचा तिचा पहिलाच सेल. चार्जर तीन पॉइंट पासष्टवर लावायचा आणि गप्प राहायचं, एवढंच काम होतं. तिला ते गप्प राहणं झालं नाही. तिनं बटण जरासं पुढे सरकवलं आणि चहा प्यायला गेली. परत आली तेव्हा सेल फुगून चौकटीत अडकला होता. पुढे तिनं तो पार रिकामा करून दाराला लावला, म्हणजे येता-जाता पायाला लागेल. तेव्हापासून चार्जर लावला की ती त्याच्या बटणावर चिकटपट्टी गुंडाळायची. "मन्हा हातवर मन्हा भरोसा नै," म्हणायची आणि पट्टीचा शेवटचा तुकडा दातानं तोडायची.

दुसऱ्या कुणाच्या हातावर तर तिचा त्याहून कमी भरोसा होता. नंदुरबारच्या एका मिरचीवाल्याच्या गोदामातली बॅटरी बसली. सात सेल चांगले, एक गेलेला. त्यानं दुसरीकडून एक नवा सेल आणून ठेवला, भलत्याच मापाचा, आणि जिजीला म्हणाला, फक्त जोडून द्या. जिजी रिक्षातून उतरली, सेल पाहिला, मल्टीमीटर गळ्यातून काढलासुद्धा नाही. "सात जन्या पाच वरीस पासून एकच चूल्हावर रांधी ऱ्हायन्यात, त्यासमा हाई आठवी कोन लई उना तू?" एवढं बोलून त्याच रिक्षात चढून परत गेली. रिक्षावाल्यानं मीटर बंदसुद्धा केलेलं नव्हतं, इतकी ती पटकन फिरली. मिरचीवाल्यानं दुसऱ्याकडून जोडून घेतलं, महिन्याभरात सगळी बॅटरी गेली, मग तो प्रकाशाला तिच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. जिजीनं त्याला अर्धा तास उभाच ठेवला. त्याला बसवायचं तिच्या डोक्यातच आलं नसणार, ती स्वतः बसत नसे तर.

हे सगळं मी कौतुकानं सांगते आहे, पण तेव्हा मला तिचा त्रासही व्हायचा. तिच्या येण्यानं दवाखान्याची शांतता जायची. बोलता बोलता ती खिडकीची कडी घट्ट करायची, सायकीबाईच्या विळ्याला धार लावायची, माझ्या कपाटातल्या बाटल्या उंचीप्रमाणे लावायची आणि मग मला दोन दिवस काही सापडायचं नाही. ती गेली की मी हुश्श करायची. आणि तिच्या वहीचा तर मला मनापासून कंटाळा होता. सोळा आकडे रोज. शिवाय ते आकडे बदलायचे नाहीत. आज तीन पॉइंट तीन, उद्याही तीन पॉइंट तीन. हळूहळू मी मागच्या दिवसाचेच उतरवायला लागले. मग आठवड्याचे एकदम. खोटं कशाला बोलू, शेवटचे दोन महिने मी त्या खोलीत आकडे बघायला गेलेच नव्हते.

आणि मेच्या मध्यावर बॅटरी बिघडली.

ऊन असं की प्लेटांवर हात ठेववत नव्हता, तरी दुपारी बाराच्या आत बॅटरी 'भरले' म्हणून वीज घेणं थांबवायची, आणि दिवेलागण झाली न झाली तोच 'संपले' म्हणून सगळं बंद करायची. फ्रिज बंद, दिवा बंद. मी घाबरून लसी बर्फाच्या पेटीत घातल्या आणि टेकडीवर जाऊन, जिथं मोबाईलला रेंज मिळते तिथून, संस्थेचे सचिव भाऊसाहेबांना फोन केला.

भाऊसाहेब निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, पण पावसाळ्याची त्यांना धास्ती होती. पाऊस सुरू झाला की खालचा रस्ता वाहून जातो आणि पाडा चार महिने एकटा पडतो. "बॅटरी नीट असेल तरच दवाखाना उघडा ठेवू," ते म्हणाले. "नाहीतर तुम्ही दोघी खाली या, चार महिने कुलूप. सोमवारी मी स्वतः येऊन ठरवतो."

मी हे सायकीबाईला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिचा हात थांबला. तिची सून रायली आठव्या महिन्यात होती. आदल्या पावसाळ्यात दवाखाना बंदच होता, आणि रायलीला बांबूला झोळी बांधून खाली नेली होती. पुढचा बांबू सायकीबाईच्याच खांद्यावर होता. खाली पोचेपर्यंत बाळ गेलं. "सिस्टर, परत झोळी नको," ती तिच्या मोजक्या मराठीत म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला लागली. बॅटरी का बिघडली असावी याचा मला अंदाज होता.

निरोप मिळताच बुधवारी जिजी आली. वडापच्या जीपनं रस्ता संपेपर्यंत, मग चार्जर डोक्यावर घेऊन चालत. नेहमीप्रमाणे आधी आकडा मागितला. वही घेऊन ती दारातल्या उजेडात गेली, पानं उलटली, पुन्हा मागे आली, पुन्हा उलटली. मग चौकटीपुढे उकिडवी बसून तिनं एकेक सेल मोजला. दाराकडच्या चार सेलांचा आकडा खाली होता, भिंतीकडच्या चारांचा वर. तिनं दाराकडून चौथ्या सेलच्या नटावर बोट फिरवलं. तिथं बारीक दातांचे ओरखडे होते.

"आठे काय लायं व्हतं?"

"काही नाही," मी म्हणाले.

ती उठली, बाहेर गेली आणि दवाखान्याला दोन फेऱ्या मारून आली. मी तिथंच उभी. आत आल्यावर तिनं वही माझ्यापुढे धरली. "दोन महिना तेच आकडा. मानूसनी नाडी बी रोज सारखी ऱ्हास नै, तू तं शिस्टर शे."

मग मात्र मी सगळं सांगितलं. जानेवारीत इन्व्हर्टर जळून नंदुरबारला दुरुस्तीला गेला होता. बॅटरी भरलेली, पण खोलीत उजेड नाही. त्यात एक बाळंतीण आली, संध्याकाळी, आणि टाके घालताना मी टॉर्च दातात धरली होती. दुसऱ्या दिवशी सायकीबाईच्या मुलानं मोटरसायकलचा दिवा आणून दिला, बारा व्होल्टचा. आमच्याकडच्या रस्त्यावरचे सगळे ट्रकवाले हेच करतात: ट्रकला दोन बॅटऱ्या, पण गाणी लावायची ती एकीवरच. मी हिशेब केला, तीन चोक बारा. दाराकडच्या चार सेलांना दोन चिमटे लावले, तार भिंतीवरून खोलीत नेली, आणि काय लखलखीत उजेड पडला. इन्व्हर्टर परत आला, तरी तो दिवा मी काढला नाही. इन्व्हर्टरच्या दिव्यापेक्षा तो चांगला होता. पुढे त्याच तारेवर पाड्यातले मोबाईल चार्ज व्हायला लागले. जिजी येणार असली की मी चिमटे काढून पलंगाखाली ढकलायची. म्हणजे हे बरोबर नाही, एवढं मला कळत होतं.

जिजी माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, तिनं समजावून सांगितलं, आणि ते जास्त लागलं. "आठ बाया मिरची तोडी ऱ्हायन्यात. एक मुकादम शे. जिन्ही पाटी पयले भरनी तिले देखीसन मुकादम शिट्टी मारस, समद्यास्नं काम बंद. जी पयले दमनी तिले देखीसन बी शिट्टी मारस, समद्यास्नं काम बंद. तू चार बाया राबाड्यात, चार बठाडी ठेव्यात. आते दुपारले बठेल चारन्या पाट्या पयले भरतस, मुकादम शिट्टी मारस, आनि सांजले राबेल चार पयले दमतस, परत शिट्टी." मुकादम म्हणजे चौकटीवर बसवलेली एक हिरवी इलेक्ट्रॉनिक पट्टी, जी सेलांवर पहारा ठेवते आणि एक जरी सेल हद्दीबाहेर गेला तरी सगळी बॅटरी बंद करते. सेल एकही मेलेला नव्हता. फक्त आठ जणींची पावलं जुळत नव्हती.

मी म्हणाले, "जिजी, माझी चूक झाली."

"दिवा लावानी चूक माले समजनी," ती म्हणाली. "तो तू बाईकरता लाया. खोटा आकडा कोनाकरता लिखा?"

मी वही तिच्या हातातून घेऊन मिटली.

काम तसं सोपं होतं. चार रिकामे सेल आधी वेगळे भरायचे, मग आठही सेलांच्या सगळ्या अधिक बाजू एकीकडे, सगळ्या उणे बाजू एकीकडे, अशा तांब्याच्या पट्ट्यांनी बांधायच्या. चार्जर तीन पॉइंट पासष्टवर. मग थांबायचं. आठही सेल एकमेकांना पाणी देत-घेत एका पातळीला येतात, आणि शेवटचं इवलंसं भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चार्जर चालणार छपरावरच्या उन्हावर आणि मागे पडून असलेल्या जुन्या पाण्याच्या बॅटरीच्या आधारानं, म्हणजे दिवसाच. जिजीनं बोटं मोजली. रविवार संध्याकाळ झाली असती. सोमवारी भाऊसाहेब. पेटीतला बर्फ तोवर जेमतेम टिकणार होता.

ते पाच दिवस मी विसरणार नाही. जगातल्या सगळ्यात अस्वस्थ बाईला जगातलं सगळ्यात स्वस्थ काम मिळालं होतं. पट्टी गुंडाळलेल्या बटणाकडे पाठ करून ती बाहेर पडायची, अंगण झाडायची, कुंपणाचं दार उतरवून पुन्हा बसवायची, सायकीबाईबरोबर झिऱ्यावर पाण्याला जायची, हंडा उतरवून थेट सेलांपाशी यायची आणि प्रत्येकाला तळहात लावून बघायची, गरम आहे का. मी ताप बघावा तसा. मग पुन्हा बाहेर. शुक्रवारी आभाळ भरून आलं, चार्जर मरगळल्यासारखा चालायला लागला आणि मला राहवलं नाही. मी म्हणाले, "जिजी, थोडं वाढवलं तर? अगदी थोडं?"

"तठे देखू नको," ती म्हणाली. तिचा स्वतःचा हात तेव्हा पदराचं टोक पिळत होता. ती मला म्हणत होती की स्वतःला, मला समजलं नाही.

दुपारी आम्ही दोघी टेकडीवर फोन करायला गेलो. भाऊसाहेबांना मी कसंबसं सांगितलं की काम चालू आहे. फोन मोठ्या आवाजावर होता, जिजी शेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. भाऊसाहेबांनी विचारलं, "बिघडलं कशानं?" मी फोन जरा लांब धरला. ते म्हणाले, "हे बघा सिस्टर, यंत्र बिघडलं तर दुरुस्त करता येतं. मिस्त्रीची चूक असेल तर मिस्त्री बदलता येतो. पण तिथल्या कुणी हात घातला असेल, तर मी चार महिने कुणाच्या भरवशावर दवाखाना सोडू? मग कुलूपच बरं. मला सोमवारी कारण लेखी हवं." फोन बंद झाला. मी जिजीकडे बघितलं नाही. ती माझ्या पुढे निघालीसुद्धा होती, उतारावरून झपाझप, मल्टीमीटर खटखटत.

रविवारी संध्याकाळी चार्जरचा काटा शून्याला टेकला, म्हणजे सेल भरून आणखी वीज घेईनात. आठही सेल एकाच आकड्यावर. जिजीनं पट्ट्या सोडवल्या, सेल पुन्हा ओळीत बांधले, फ्रिज लावला, दिवा लावला. मग पिशवीतून काडेपेटीएवढी एक डबी काढली आणि भिंतीवर ठोकली. चोवीसचे बारा करणारी डबी. आठही सेलांकडून सारखं घेऊन मोटरसायकलचा तो दिवा लावणारी. "आते लाव दिवा," ती म्हणाली. "आठी जन्या उचलतीन." रायली सासूला भाकरी द्यायला आली होती. ती दारात उभी राहून वर दिव्याकडे बघत होती, दोन्ही हात पोटाखाली धरून.

सोमवारी भाऊसाहेब आले. संध्याकाळपर्यंत थांबून त्यांनी सगळं चालू ठेवून बघितलं. फ्रिज थंड, दिवा पेटलेला. समाधानानं मान हलवली आणि खिशातलं पेन काढलं. "आता कारण लिहा." नोंदवही टेबलावर उघडी होती. मी पुढे झाले. खरं सांगते, मी लिहायलाच पुढे झाले होते, पण माझी पावलं सावकाश पडत होती, आणि जिजी कधीच सावकाश चालत नसे. तिनं माझ्या आधी पेन घेतलं. वाकून, उभ्यानंच, तिनं शाळेतल्या मराठीत एक ओळ लिहिली: जोडणी करताना माझ्याकडून चूक झाली, आता दुरुस्त केली आहे. खाली पूर्ण नाव, सही.

"तुमच्याकडून?" भाऊसाहेबांना नवल वाटलं. "इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर?"

"घाई करी मी," जिजी म्हणाली.

सगळ्यांना ते पटलं. तिच्याकडे बघून कुणालाही पटलं असतं. मी तोंड उघडलं, तेव्हा जिजीनं माझ्याकडे न बघता सायकीबाईकडे बघितलं. सायकीबाई कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून उभी होती. तिला वहीत काय लिहिलं ते कळलं नव्हतं, दवाखाना उघडा राहणार एवढं कळलं होतं. मी तोंड मिटलं. भाऊसाहेब जाताना म्हणाले, पुढच्या वेळी दुसरा मिस्त्री बघू. जिजीला त्यांनी गाडीतून खाली सोडायची तयारी दाखवली, पण ती चार्जर डोक्यावर घेऊन आधीच निघाली होती.

पावसाळा गेला. रस्ता वाहून गेला, पाडा चार महिने एकटा राहिला, दवाखाना उघडा राहिला. रायलीला मुलगी झाली, त्या मोटरसायकलच्या दिव्याखाली, भर दुपारी आभाळ काळं झालेलं असताना. सायकीबाईनं पाय धरले होते. बाळ रडलं तेव्हा आम्ही दोघीही रडलो. त्या चार महिन्यांत मी रोज सकाळ-संध्याकाळ आठ सेल मोजले, एकही आकडा मागचा उतरवला नाही. दाखवायला मात्र कुणी नव्हतं.

बोलवा आपल्याकडे पावसातही रस्ता शोधते. संस्थेच्या बैठकीत भाऊसाहेबांनी सहज सांगितलं असेल. तिथून ते एका आश्रमशाळेत गेलं, तिथून नंदुरबारच्या बाजारात. प्रकाशाच्या त्या बाईनं दवाखान्याची बॅटरी बिघडवली, स्वतः लिहून दिलं. आश्रमशाळेनं दुसरा माणूस लावला. मिरचीवाल्यानंही. हे मला दिवाळीच्या आधी मालकांनी फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, हवापाण्यासारखं. जिजी गुजरातच्या बाजूला सोलर पंपांच्या कामाला जाते, आठ-आठ दिवस घरी नसते, एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं, अक्कलकुव्याच्या स्टँडवर. मी लसी न्यायला संस्थेच्या गाडीनं खाली आले होते, नवा ड्रायव्हर होता. ती गुजरातकडे जाणाऱ्या जीपभोवती फिरत होती, जागा आहे का बघत. वाळली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि एका दमात सांगितलं की मी भाऊसाहेबांना सगळं खरं सांगणार आहे, आजच, इथून फोन करून.

"मंग पुढला पावसायामा कुलूप," ती म्हणाली. "मी कसाले लिखं मंग?"

"पण तुमचं काम गेलं, जिजी."

"मी फिरतच ऱ्हास. इकडे नै तं तिकडे." तिनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा माझ्या दंडावर ठेवला, क्षणभर, तापाचा अंदाज घेतात तसा. "तू तठेच ऱ्हाय. बायास्ले तू पाहिजे." जीपवाल्यानं हॉर्न दिला. आत जागा नव्हतीच. ती मागच्या पायरीवर चढली, एका हातानं दांडा धरला, दुसऱ्यानं चार्जरची पिशवी पोटाशी. जीप हलली. तिनं मागे बघितलं नाही, पुढच्या वळणाकडे वाकून बघत होती.

ड्रायव्हर लसींची पेटी घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. भाऊसाहेबांकडे रोज उठबस असलेला माणूस. त्यानं जीपकडे हनुवटीनं खूण केली.

"म्याडम, हाईच का ती बाई? आपली बॅटरी बिघाडी ती?"

जीप अजून दिसत होती. दांड्याला लटकलेली ती बारकी पाठही दिसत होती.

"हो," मी म्हणाले. "तीच."